खोट्या ठिपक्यांची यादी

११ जानेवारी

ढब्बू,

माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच खणात टाकशील, याची मला खात्री आहे. मीही तेच केलं असतं. पण आई म्हणते, तुमच्याकडे टपाल तुझी बायको फोडते आणि ती तुझ्याहून समंजस आहे. म्हणून तिलाही कळेल अशा बेताने लिहिते.

आई बरी आहे. तिचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्याहून जास्त ती. दर रविवारी तुझा फोन येतो तेव्हा चुकून मी उचलला, तर तू "आईला दे" म्हणतोस. नऊ वर्षांत तुझ्याकडून मला मिळालेले शब्द एवढेच, आणि तेही माझ्यासाठी नव्हते.

असो. कामाचं बोलते.

तुझ्या बायकोसाठी थोडक्यात: विश्व आज तेराशे ऐंशी कोटी वर्षांचं आहे. ते जेमतेम नव्वद कोटींचं होतं, तेव्हाही काही आकाशगंगांच्या पोटात अजस्र कृष्णविवरं वायू गिळत बसली होती. गिळता गिळता ती अख्ख्या आकाशगंगेपेक्षा जास्त झळकत. त्यांना क्वासार म्हणतात. त्यांतले अगदी प्रखर असे किती होते, एवढंच आम्हाला मोजायचं होतं. पण इतक्या लांबून क्वासार म्हणजे नुसता तांबडा ठिपका दिसतो, आणि आपल्या शेजारपाजारचे थंड, खुजे तारेही हुबेहूब तसेच दिसतात. संगणकाने आकाशाच्या छायाचित्रांतून आठ हजार चारशे संशयित वेगळे काढून दिले. उत्तरेकडचे निम्मे मी बघायचे, दक्षिणेकडचे निम्मे तिच्या नवऱ्याने. एकेक चित्र समोर आणायचं आणि 'ठेवा' किंवा 'टाका' दाबायचं. जे ठेवले त्यांच्यावरच मोठी दुर्बीण रोखायची आणि खरा कोण ते ठरवायचं. लोकांना वाटतं आम्ही रात्रभर आकाशाकडे बघतो. प्रत्यक्षात सकाळी दहा ते पाच, पडदे ओढून, खुर्चीत पाठ मोडून घ्यायची.

आता 'टाका' म्हटलेल्यांत काही खरे निघून गेले असतील, तर ते कळणार कसं? त्यासाठी प्रत्येकाच्या चित्रांत दोनशे खोटे ठिपके मिसळतात, संगणकाने रंगवलेले क्वासार. खोटे कुठले, हे बघणाऱ्याला सांगत नाहीत. दोनशेपैकी त्याने शंभर ठेवले, तर खऱ्यांतलेही निम्मे हातचे गेले असं समजायचं आणि सापडलेल्यांचा आकडा दुप्पट करायचा. बघणाऱ्याचा डोळा किती खरा, ते अशा रीतीने मोजतात.

मी दोनशेपैकी एकशे ब्याण्णव ठेवले होते. तू एकशे बावीस. तुझा भाग भरवशाचा नाही म्हणून समितीने तो निबंधातून वगळला आणि फक्त माझ्या निम्म्या आकाशावरून आकडा छापला गेला. हे सगळं तुला माहीत आहे.

तुला माहीत नसेल ते असं, की एका नव्या दुर्बिणीची मोजणी गेल्या महिन्यात आली आहे. त्यांना आमच्या जवळजवळ दुप्पट क्वासार सापडलेत. तुझी दक्षिण भागाची वही अजून असेल तर पाठवशील का? कुतूहल म्हणून मागतेय, दुसरं काही नाही.

ताई


२ फेब्रुवारी

ढब्बू,

वही मिळाली. आत चिठ्ठी वगैरे नव्हती. पार्सलची दोरी मात्र इतकी आवळून बांधली होतीस, की ती सोडवता सोडवता माझं नख तुटलं. राग बांधून पाठवायची ही तुझी पद्धत असावी.

वही मी संस्थेतल्या खोलीत दार लावून वाचली. तिसऱ्या मजल्यावरची तीच खोली, आपण पाठीला पाठ लावून बसायचो ती. तुझ्या टेबलावर आता प्रिंटर आहे. वहीत रोजची तारीख, रोज किती चित्रं बघितली, मध्ये किती वेळ उठलास, सगळं लिहिलंयस. एका पानावर लिहिलं आहेस, "आज शंका फार. साठ चित्रांनंतर थांबलो. दमलेल्या डोळ्याने टाकणं बरोबर नाही." ठेवलेल्यांपैकी तुझे तेरा खरे निघाले होते. माझे अकरा. म्हणजे अधू डोळ्याच्या माणसाला चांगल्या डोळ्याच्या बाईपेक्षा दोन जास्त सापडले. हे तेव्हा कुणालाच खटकलं नाही. मला खटकलं होतं आणि मी गप्प बसले.

शेवटच्या पानात डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी निघाली. ती मी विसरले होते असं लिहिणार होते, पण विसरले नव्हते. निकाल लागल्यावर दुसऱ्याच दिवशी तू जाऊन डोळे तपासून आलास आणि ती चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवलीस. "ताई, डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत. मग माझं चुकतं कुठे?" मी हसले आणि म्हणाले, "अरे, हा डोळा डॉक्टरांच्या तक्त्यावरचा नव्हे. तो सरावाने येतो." तू मान डोलावलीस. तुला ते पटलं होतं. मी म्हणाले म्हणून पटलं होतं.

ढब्बू, मी यादी बघितली होती.

खोट्या ठिपक्यांच्या क्रमांकांची यादी कुलूप लावून ठेवलेली असते, पण विभागप्रमुखाकडे तिचा पासवर्ड असतो, आणि विभागप्रमुख मीच होते. सुरुवातीची शंभरेक चित्रं मी यादी शेजारी ठेवून बघितली. खोटा क्वासार कसा दिसतो ते नीट ध्यानात यावं, डोळा तयार व्हावा, एवढ्याचसाठी. पुढे यादी बंद केली. तरीसुद्धा ते बरोबर नव्हतं, आणि तुला सांगायला हवं होतं असं मला वाटलं.

आता सांगितलं.

ताई


१९ फेब्रुवारी

ढब्बू,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. शंभर चित्रांपुरतं नव्हतं ते.

पहिली पाचशे चित्रं मी प्रामाणिकपणे बघितली होती. मग आपलं कसं चाललंय बघावं म्हणून यादी उघडली. पाचशेंत चोवीस खोटे होते, त्यांतले मी तेरा ठेवले होते. तेरा! मला वाटलं यादीच चुकली असणार. मग वाटलं, अकरा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईचा डोळा असा असेल तर लोक काय म्हणतील. वळून बघितलं, मागे तू बसला होतास, पाठमोरा, तुझी मान चित्रात बुडालेली. त्या दिवशी मी ते पाचशे पुसले आणि यादी उघडी ठेवून पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. मग ती शेवटपर्यंत उघडीच राहिली. चार हजार दोनशेच्या चार हजार दोनशे.

एक सांगते. खऱ्या ठिपक्यांबाबत मी एकदाही लबाडी केली नाही. जे ठेवावेसे वाटले ते ठेवले, टाकावेसे वाटले ते टाकले. हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटत आलं. पण माझे अकरा क्वासार खरे असून काय उपयोग? किती हुकले हे खोटं सांगितल्यावर अकराला काही अर्थच उरत नाही.

आईला परवा सगळं सांगितलं. तू तिला सांगितलं नसशील, हे मला ठाऊक होतं. ती खिडकीपाशी बसून शर्टाला बटण लावत होती. मी क्वासार, कृष्णविवर असं सुरू केलं, तर म्हणाली, "ते विवर-बिवर राहू दे. तू केलंस काय ते सांग." मी यादीचं सांगितलं. ती तीस वर्षं शाळेत शिकवत होती, तिला कळायला कितीसा वेळ लागणार?

"म्हणजे उत्तरं समोर ठेवून पेपर सोडवलास."

"हो."

"आणि त्याने न बघता सोडवला."

"हो."

"आणि नापास कोण झालं?"

तिने दोरा दाताने तोडला, सुई डबीत ठेवली, डबी कपाटात ठेवली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताट टेबलावर आपटून ठेवते.

अजून एक आहे, आणि ते लिहिताना माझे कान तापलेत. तुझा भाग समितीने वगळला असं मी लिहिलं होतं. समितीची अध्यक्ष मी होते. भावाला बहिणीने चिकटवून घेतलंय अशी कुजबुज होतीच, ती मला सलत होती. तुझी नेमणूक वाढवायचा विषय निघाला तेव्हा मी म्हणाले, "माझा सख्खा भाऊ आहे म्हणून मी गप्प बसणार नाही. एकसष्ट टक्के डोळ्यावर आपण आकाश मोजू शकत नाही." बाहेर आल्यावर संचालकांनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, "मॅडम, याला निष्ठा म्हणतात." त्या दिवसापासून माझा दरारा वाढला. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हा किस्सा सांगतात: आमच्या मॅडम, स्वतःच्या भावालाही सोडलं नाही. मी समोर असले तर खाली बघते. लोकांना तो विनय वाटतो.

तू टेबल आवरलंस तेव्हा मी बैठकीत होते. मुद्दाम होते.

ताई


१५ मार्च

ढब्बू,

दोन रविवारांपूर्वी तू आईला काय म्हणालास ते तिने मला शब्दशः सांगितलं. "तिला म्हणावं, आता बसून बघ. यादीशिवाय. बघू किती येतात." आईने फोन ठेवला आणि बाराव्या दिवशी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली: "कधी बसतेस?"

म्हणून बसले. पण आधी एक कबूल करायचं आहे. हे सगळं मी आपणहून सांगतेय असं तुला वाटत असेल. मी तसं वाटू दिलं.

आमच्याकडे वर्षभरापूर्वी एक नवी संशोधक आली आहे. तिशीची, चुणचुणीत, चहा घेत नाही, वायफळ बोलत नाही. नव्या दुर्बिणीचा आकडा दुप्पट का आला हे शोधताना तिने आपल्या जुन्या तपासणीच्या नोंदी उकरल्या. 'ठेवा' आणि 'टाका' कधी दाबलं, याची वेळ संगणक नोंदवत असतो. मी पुसलेले पाचशेही त्याने जपून ठेवले होते. डिसेंबरमध्ये ती माझ्या दारात उभी राहिली, हातात एक कागद. म्हणाली, "मॅडम, गंमत बघा. खरे ठिपके तुम्ही दहा-दहा सेकंद न्याहाळलेत. खोटे मात्र दीड सेकंदात. पहिल्या पाचशेंत असं नाही बरं का. खोटे तुम्हाला इतक्या लवकर कसे ओळखू आले?" बोलताना तिचा चेहरा अगदी निष्पाप होता. कागद टेबलावर ठेवला आणि गेली. मी मनात तिला घड्याळबाई म्हणायला लागले. तीन आठवडे मी तिला टाळत राहिले, जिन्यातून वर जाताना दिसली तर खालच्या मजल्यावरच थांबायचे. मग तुला पहिलं पत्र लिहिलं, त्या कुतूहलाचं. तुझ्या वहीतही काहीतरी वाकडं निघावं, अशी आशा होती मला. निघालं नाही.

तर परीक्षा. उत्तरेकडचे तेच ठिपके, त्यांत नवे दोनशे खोटे. यादी घड्याळबाईकडे, तिच्या पासवर्डखाली. संस्थेत बसायची मला लाज वाटली, म्हणून घरी जेवणाच्या टेबलावर बसले. आई मागे खुर्ची घेऊन बसली. गंमत म्हणून नव्हे, खरोखरीची पर्यवेक्षक म्हणून. चष्मा, पाण्याचा पेला आणि गुडघ्यावर शाल. मी पाठ ताणली तरी म्हणायची, "काय गं?" पहिल्या दिवशी फोन वाजला तर तिने तो उशीखाली ठेवला. चोपन्न वर्षांच्या बाईला एकोणऐंशी वर्षांच्या आईने दामटून बसवलंय, हे दृश्य तू बघायला हवं होतंस. तू हसला असतास. मी दुसऱ्या दिवशी हसले, तर मागून आवाज आला, "हसायला काय झालं?"

नऊ दिवस लागले. यादीशिवाय बघणं काय असतं ते मी विसरूनच गेले होते. प्रत्येक ठिपका म्हणतो, मी असेनही, नसेनही. बोट 'ठेवा'वरून 'टाका'वर जातं आणि परत येतं. चौथ्या दिवशी एका ठिपक्यावर मी तीन मिनिटं अडले होते, तेव्हा समजलं, की तू तिथे दोन महिने रोज असाच बसला होतास आणि मी मागून तुझ्याकडे बघून 'हा फार रेंगाळतो' असं म्हणायचे.

घड्याळबाईने निकाल पाकिटात घालून पाठवला. आईने फोडला, आणि शाळेत वाचायची तसा वाचला.

"दोनशेपैकी एकशे आठ."

मग माझ्याकडे न बघता, "आणि त्याचे?"

"एकशे बावीस."

ती उठली. जाताना एवढंच म्हणाली, "चौदा जास्त," आणि आत गेली.

वय झालं, डोळे थकले, असं म्हणायला माझी जीभ वळवळली होती. पण नऊ वर्षांपूर्वीचे ते पाचशे आहेत ना. चोवीसात तेरा. शंभरात चोपन्न. आजही शंभरात चोपन्नच. माझा डोळा तेव्हाही एवढाच होता.

आता हे बघ. माझे अकरा, चोपन्न टक्क्यांनी: खरे वीस. तुझे तेरा, एकसष्ट टक्क्यांनी: खरे एकवीस. उत्तर आणि दक्षिण जुळतात. नव्या दुर्बिणीच्या आकड्याशीही जुळतात. आकाश दोन्हीकडे सारखंच होतं, ढब्बू. तुझा भाग चुकीचा नव्हताच, आणि माझा आकडा निम्मा होता. त्या निम्म्या आकड्यावर जगभरच्या लोकांनी नऊ वर्षं डोकं फोडून घेतलं, की विश्वाच्या बालपणी एवढी कमी कृष्णविवरं कशी. आणि तू तिकडे मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना क्लच दाबायला शिकवत होतास.

क्लच शिकवणं कमी आहे असं मला म्हणायचं नाही. पण ते तू निवडलेलं नव्हतंस.

ताई


२७ मार्च

ढब्बू,

संचालकांना सांगून आले. त्यांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "मॅडम, नवी मोजणी आलीच आहे. जुना आकडा आपोआप मागे पडेल. त्यात शंकेला जागा होती असं एक वाक्य पुढच्या निबंधात घाला, आणि विषय संपवा. तुमच्या निवृत्तीला सहा वर्षं राहिली आहेत. संस्थेचंही नाव आहे." फार मायेने बोलले. खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. खोलीत येऊन ते एक वाक्य लिहूनही काढलं. छान जमलं होतं. त्यात तू नव्हतास.

दुपारी घड्याळबाई आली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या भावाच्या नोंदी पाहिल्या. इतकी स्वच्छ तपासणी मी पाहिलेली नाही. ते सध्या कुठे असतात?" मी सांगितलं, गाडी शिकवतात. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी थट्टा करत नाही हे समजल्यावर तिने हातातल्या तुझ्या नोंदींकडे पुन्हा एकदा पाहिलं, आणि मला कपाटात जाऊन दार ओढून घ्यावंसं वाटलं. ती गेल्यावर मी ते छान वाक्य फाडलं.

निबंध जिथे छापला होता, तिथे दुरुस्तीचं निवेदन पाठवायचं ठरवलं आहे. मसुदा सोबत जोडला आहे. मुख्य भाग असा:

"नऊ वर्षांपूर्वीच्या मोजणीत उत्तर भागाच्या तपासणीदरम्यान खोट्या ठिपक्यांची यादी अनवधानाने वापरली गेली. त्यामुळे तपासणीची अचूकता छप्पन्न टक्क्यांऐवजी शहाण्णव टक्के नोंदली गेली आणि प्रखर क्वासारांची संख्या जवळपास निम्मी ठरली. वगळलेला दक्षिण भाग पूर्णतः विश्वसनीय होता. तो तपासणाऱ्या संशोधकावर झालेल्या अन्यायाबद्दल मी त्यांची जाहीर क्षमा मागते."

छप्पन्न चुकून पडलं आहे, चोपन्न हवं. बघ, अजूनही दोन टक्के वाढवायला हात शिवशिवतो. मी ते दुरुस्त केलं आहे.

पुढे तुझं नाव छापायचं आहे, तुझी हरकत नसेल तर. वाचून बघ. कुठे काही बदलावंसं वाटलं तर बदल. तू म्हणशील तसंच जाईल. आणि उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस, मी पंधरा दिवस थांबेन आणि मग पाठवीन.

एक विचारायचं होतं. तुला तेव्हा संशय आला होता का? नको, हे वाचलंच नाहीस असं समज. तो विचारायचा हक्क मला नाही.

ताई


१४ एप्रिल

ढब्बू,

मसुदा परत मिळाला. पाकिटात दुसरं काही नव्हतं. मी उलटसुलट करून पाहिलं, पाकीट फाडून आतूनही पाहिलं. आई म्हणाली, "असं काय शोधतेस, त्याला लिहायचं होतं ते त्याने लिहिलंय की."

तुझ्या नावाला तू हात लावलेला नाहीस. क्षमेच्या वाक्यालाही नाही. आकड्यांच्या बाजूला लहान लहान बरोबरच्या खुणा केल्या आहेत, म्हणजे सगळी गणितं करून पाहिलीस. आणि फक्त एक शब्द खोडला आहेस. 'अनवधानाने'. सरळ एक रेघ, पट्टी लावून मारल्यासारखी.

मी तो कागद घेऊन खुर्चीत बसून राहिले. आधी राग आला, खरंच आला. एवढं सगळं उघडं केलं, पद जाईल, नाव जाईल, आणि याला एका शब्दाचं पडलंय. मग मसुदा पुन्हा वाचला, तुझ्या जागी बसून. "यादी अनवधानाने वापरली गेली." जणू ती स्वतःच चालत आली आणि माझ्या टेबलावर बसली. चार पत्रांत तुला जे कबूल केलं, ते जगाला सांगायच्या वेळी मी त्या एका शब्दात गुंडाळून ठेवलं होतं. आणि तो शब्द लिहिताना माझी लेखणी जराही अडली नव्हती. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

म्हणून आता ते सांगते, जे तुलाही माहीत नाही. आईला नाही, घड्याळबाईला नाही. नोंदींतही ते दिसत नाही, कितीही उकरलं तरी दिसणार नाही.

यादी उघडी होती, म्हणजे मला दोनशेच्या दोनशे ठेवता आले असते. पण दोनशेपैकी दोनशे कुणाच्याच डोळ्याला पटले नसते. म्हणून मी आठ सोडले. कुठले सोडायचे, हे बसून ठरवलं. अगदी पुसट असलेले निवडले, म्हणजे एखाद्या चांगल्या डोळ्याने चुकावेत असेच. ते करायला मला एक अख्खी दुपार लागली. तू तेव्हा पाठीमागे बसला होतास. मध्येच वळून मला म्हणालास, "ताई, पुसट असलेले फार छळतात गं." आणि मी म्हणाले, "छळणारच रे. मलाही छळतात."

निवेदन आज सकाळी पाठवलं. तू खोडलेला शब्द त्यात नाही. 'वापरली गेली' काढून 'मी वापरली' केलं आहे. त्याखाली एक वाक्य नवीन घातलं आहे: "शंका येऊ नये म्हणून आठ खोटे ठिपके मी जाणूनबुजून वगळले." हे वाक्य माझ्याकडे कुणी मागितलेलं नव्हतं.

ताई